अमुक तिथीची शुभेच्छा

व्यवसायाच्या सोशल मीडियाचे नियोजन म्हणजे काय बोलायचे, कोणत्या दिवशी आणि किती वाजता बोलायचे, हे बोलण्याच्या बरेच आधी ठरवून ठेवणे. त्यासाठी महिन्याचा एक तक्ता तयार होतो. एजन्सीत त्याला कंटेंट कॅलेंडर म्हणतात. तारीख, वार, दिनविशेष, पोस्टचा प्रकार, कॅप्शन, क्रिएटिव्ह, अप्रूव्हल आणि वेळ असे त्याचे रकाने असतात. क्लायंटचा होकार आला की पोस्ट फेसबुक-इन्स्टाग्रामच्या स्वतःच्या प्लॅनरमध्ये शेड्यूल होते, किंवा २००८ मध्ये सुरू झालेल्या हूटसूट आणि २०१० मधल्या बफरसारख्या साधनांत. ठरलेला मिनिट आला की ती आपोआप पडते. लिहिणारा त्या वेळी झोपेत असेल, प्रवासात असेल, कदाचित ती नोकरी सोडूनही गेला असेल.

हे काम दिवाळीच्या बाबतीत पितृपक्षातच सुरू होते. बाहेर श्राद्धपक्ष चालू असतो आणि एजन्सीतल्या पडद्यावर लक्ष्मीपूजनाच्या पणत्या मांडल्या जात असतात. एकच क्रिएटिव्ह सराफाच्या दुकानासाठी सोनेरी होते, मिठाईवाल्यासाठी केशरी होते, टाइल्सच्या शोरूमसाठी त्यात फरशीचा एक तुकडा येतो. कोपऱ्यातला लोगो बदलतो. 'आपणांस व आपल्या परिवारास' ही ओळ तशीच राहते. पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर जाते, तिकडून अंगठा येतो, की अप्रूव्हलच्या रकान्यात हिरवा रंग भरला जातो. मग सकाळी सातची वेळ टाकून पोस्ट रांगेत लागते आणि हात पुढच्या ओळीकडे वळतो.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी सात वाजता ती शुभेच्छा हजारो फोनांवर उमटते. ती कोणी दिली आणि कधी दिली? ज्या दुपारी लिहिली गेली तेव्हा सण नव्हता. ज्या सकाळी ती पोचली तेव्हा बोलणारा तिथे नव्हता. शब्दाचा खरेपणा बोलणाऱ्याच्या भावावर अवलंबून असेल, तर या शब्दाच्या पाठीशी कोणाचा भाव उभा आहे, हा प्रश्न शब्द, काळ आणि कर्ता यांचा विचार करणाऱ्या सगळ्याच परंपरांना भिडणारा आहे.

आधी लिहिलेले म्हणून ते खोटे, हे उत्तर घाईचे आहे. लग्नपत्रिका महिनाभर आधी छापली जाते म्हणून तिच्यातले आग्रहाचे निमंत्रण लटके ठरत नाही. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत मोठ्या माणसांचे मृत्युलेख ते हयात असतानाच लिहून ठेवलेले असतात, आणि त्यांतले काही लेख फार जिव्हाळ्याने लिहिलेले असतात. २७ ऑगस्ट २००८ रोजी ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेकडून स्टीव्ह जॉब्झचा असा तयार लेख चुकून बाहेर गेला. जॉब्झ त्यानंतर ३ वर्षांहून अधिक जगले, ५ ऑक्टोबर २०११ पर्यंत. त्या प्रसंगात दोष लेख आधी लिहिण्यात नव्हता. बाहेर सोडण्याच्या क्षणी कोणी पाहिले नाही, एवढाच होता.

साचा वापरण्याची गोष्टही तशीच आहे. पूजेच्या पोथीत संकल्प आधीच लिहिलेला असतो, पण त्यात जागा मोकळ्या ठेवलेल्या असतात आणि त्या जागी 'अमुक' हा शब्द असतो. अमुक संवत्सर, अमुक मास, अमुक तिथी, अमुक गोत्र. पूजेला बसलेला यजमान आचमन करतो, उजव्या हातात अक्षता आणि पाणी घेतो, आणि गुरुजी सांगतात तसे त्या दिवसाचे संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार आणि नक्षत्र उच्चारतो. आपण कोणत्या भूमीवर, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर बसलो आहोत हेही तो सांगतो. मग कशासाठी ही पूजा ते सांगून पाणी ताम्हनात सोडतो. पोथी शंभर वर्षांची असली तरी संकल्प त्या सकाळचाच असतो. साच्यातला अमुक भरला गेला, आणि ज्याच्या नावाने कर्म व्हायचे तो हातात पाणी घेऊन तिथे बसलेला होता, म्हणून तो खरा. शेड्यूल केलेल्या शुभेच्छेत तारीख भरलेली असते, पण ती आधी भरलेली असते. हा फरक लहान दिसतो आणि पुढचे बरेचसे त्याच्यातूनच निघते.

शब्दाला अर्थ कसा येतो याची बारीक चिकित्सा न्यायशास्त्राने केली आहे. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात वाक्यार्थ कळण्याच्या अटी दिल्या आहेत: आकांक्षा, योग्यता आणि संनिधी. संनिधी म्हणजे पदे विलंबाशिवाय एकामागून एक उच्चारली जाणे. एका प्रहरी 'गाय' म्हटले आणि पुढच्या प्रहरी 'आण' म्हटले, तर ऐकणाऱ्याला आज्ञा कळत नाही. शेड्यूल केलेल्या पोस्टमध्ये पदांची संनिधी शाबूत असते. अंतर पडते ते बोलणारा आणि त्याचे वाक्य यांत. त्याचा परिणाम काय होतो हे नैयायिकांच्या आणखी एका अटीतून दिसते. ती अट तात्पर्याची, म्हणजे वक्त्याच्या मनातल्या अभिप्रायाची. तिचे ठरलेले उदाहरण 'सैंधव' या शब्दाचे आहे. सैंधव म्हणजे मीठ, आणि सैंधव म्हणजे सिंधू देशातला घोडाही. जेवायला बसलेल्या माणसाने 'सैंधव आण' म्हटले तर मीठ आणायचे, निघायच्या तयारीत असलेल्याने म्हटले तर घोडा. शब्द तोच राहतो. प्रसंग बदलला की अर्थ बदलतो. बोलणारा आणि ऐकणारा एकाच प्रसंगात उभे असतील तर घोटाळा होत नाही.

जानेवारी २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या टेस्को या किराणा साखळीच्या बाबतीत हे उदाहरण जवळजवळ अक्षरशः घडले. १५ जानेवारीला आयर्लंडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जाहीर केले की गोमांसाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही बर्गरमध्ये घोड्याच्या मांसाचा अंश सापडला आहे. टेस्कोने विकलेल्या एका नमुन्यात तो २९ टक्के होता. त्याच आठवड्यात एका रात्री टेस्कोच्या ग्राहकसेवेच्या ट्विटर खात्यावरून निरोपाचा नेहमीसारखा संदेश गेला, की झोपायची वेळ झाली, आता आम्ही निघतो. झोपायला जाणे यासाठी इंग्रजीत गवताच्या गंजीवर अंग टाकण्याचा वाक्प्रचार आहे, आणि संदेशात तोच होता. प्रकरण बाहेर येण्याआधी वाचला असता तर त्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते. त्या आठवड्यात गवत म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे घोडा येत होता. टेस्कोने क्षमा मागितली आणि संदेश प्रकरण कळण्यापूर्वीच शेड्यूल झाला होता, असे सांगितले. हे स्पष्टीकरण खरे मानायला हरकत नाही. लिहिणाऱ्याच्या मनात मीठ होते, ऐकणाऱ्यांना घोडा ऐकू आला, आणि मधे उभे राहून 'थांबा, प्रसंग बदलला आहे' असे म्हणणारे कोणी नव्हते.

जर्मनीतल्या केएफसीचा प्रसंग याहून गंभीर आहे. १९३८ साली ९ नोव्हेंबरच्या रात्री नाझी राजवटीत ज्यूंची घरे, दुकाने आणि प्रार्थनामंदिरे फोडली गेली, जाळली गेली. ९ नोव्हेंबर २०२२ रोजी केएफसीच्या अ‍ॅपवरून ग्राहकांना त्या स्मृतिदिनाचा उल्लेख करून चीज घातलेल्या चिकनची मौज करायचे आवाहन गेले. थोड्याच वेळात क्षमायाचनाही गेली. मजकूर तयार करण्याची आपली अर्धस्वयंचलित व्यवस्था राष्ट्रीय दिनविशेषांच्या कॅलेंडरला जोडलेली होती, असे कंपनीचे म्हणणे होते. त्या कॅलेंडरमध्ये दिवस होता, त्याचे नाव होते, तारीखही बरोबर होती. दिवस कसला आहे एवढेच व्यवस्थेला माहीत नव्हते.

पंचांगाने दिवसाला केवळ क्रमांक कधीच दिला नाही. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही त्याची ५ अंगे दिवसाचे रूप सांगण्यासाठी आहेत. कोणता दिवस कोणत्या कामाला योग्य आणि कोणत्या कामाला वर्ज्य हे त्यातून ठरते. कंटेंट कॅलेंडरच्या दिनविशेष या रकान्यात ही जाण उतरत नाही, तेव्हा गुड फ्रायडेला 'हार्दिक शुभेच्छा' दिल्या जातात, जो येशूच्या क्रूसावरील मृत्यूचा दिवस आहे. मोहरमला 'आनंददायी' म्हटले जाते, ज्याच्या दहाव्या दिवशी शिया समाज करबलातल्या इमाम हुसैन यांच्या हौतात्म्याचा शोक करतो. ६ डिसेंबर हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा महापरिनिर्वाण दिन. त्या दिवशी दादरच्या चैत्यभूमीवर लाखो लोक अभिवादनाला येतात. तिथे शुभेच्छा हा शब्द चालत नाही, सवलतीचा कोपरा तर मुळीच नाही.

शिवाय तारीख स्वतःच एक भूमिका असते. राज्य शासन शिवजयंती १९ फेब्रुवारीला साजरी करते. फाल्गुन वद्य तृतीयेला, म्हणजे तिथीनुसार साजरी करणारेही पुष्कळ आहेत. दुकानाच्या पानावर पोस्ट कोणत्या दिवशी पडली हे गावातले लोक बरोबर लक्षात ठेवतात. २०२४ मध्ये आश्विन अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी लागून १ नोव्हेंबरला संध्याकाळी संपली, आणि लक्ष्मीपूजन कोणत्या दिवशी यावर देशभर दोन मते झाली. महाराष्ट्रातल्या पंचांगांनी १ नोव्हेंबर धरला, उत्तरेत अनेक ठिकाणी ३१ ऑक्टोबरला पूजन झाले. सूर्य आणि चंद्र यांच्यातले अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण होते. चंद्राची गती सारखी नसल्यामुळे तिथी कधी २० तासांहून लहान तर कधी २६ तासांहून मोठी असते. तिला इंग्रजी तारखेच्या चौकोनात बसवताना कोणाला तरी निर्णय करावा लागतो. धर्मशास्त्रात निर्णय हा ग्रंथांचा एक स्वतंत्र विषयच झाला, तो उगाच नव्हे.

उद्याविषयी आज ठामपणे बोलण्याबद्दल धर्मांनी दाखवलेली सावधगिरी इथे आठवते. कुराणाच्या अल-कहफ या सूरहत (आयती २३ आणि २४) सांगितले आहे की एखादी गोष्ट मी उद्या करीन असे ईश्वरेच्छेची जोड दिल्याशिवाय म्हणू नये. बायबलच्या नव्या करारातले याकोबाचे पत्र थेट व्यापार करणाऱ्यांशी बोलते. आज-उद्या अमुक शहरी जाऊ, वर्षभर राहू, नफा मिळवू, असे म्हणणाऱ्यांना ते विचारते की उद्या काय होईल हे तुम्हांला कुठे ठाऊक आहे. प्रभूची इच्छा असेल तर, असे म्हणा. जैनांच्या दशवैकालिक सूत्राचा सातवा अध्याय वाणीच्या शुद्धीविषयी आहे. त्यात साधूंना सांगितले आहे की आम्ही जाऊ, आम्ही बोलू, आमचे अमुक काम होईल, अशी भविष्याची वाक्ये निश्चयाच्या सुरात बोलू नयेत. व्यापारात पिढ्यान् पिढ्या मुरलेल्या समाजाच्या साधूंसाठी हा नियम आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. यांपैकी कोणीही बेत आखायला मनाई करत नाही. बेताला एक अट जोडलेली असावी, एवढेच ते मागतात. रांगेत लागलेली पोस्ट म्हणजे उद्याविषयीचे असे विधान, ज्याला अट जोडलेली नाही. यंत्र 'इन्शाअल्लाह' म्हणत नाही, म्हणून ती अट माणसानेच सांभाळावी लागते.

बौद्ध परंपरेत सुभाषित वाणीची ५ लक्षणे सांगितली आहेत: योग्य वेळी बोललेली, खरी, मृदू, हिताची आणि मैत्रीच्या भावाने बोललेली. अंगुत्तर निकायातल्या वाचासुत्तात वेळेचे लक्षण सर्वांत आधी येते, सत्याच्याही आधी. वेळ ओळखणे हे त्या यादीत बोलणाऱ्याच्या मनाचे काम आहे. शेड्यूलिंगच्या साधनांतही 'पोस्टसाठी उत्तम वेळ' सुचवली जाते. फॉलोअर सर्वाधिक संख्येने फोन कधी पाहतात, त्या आकड्यांवरून ती काढलेली असते. तिला कुणी आधुनिक मुहूर्त म्हणेल. व्यापाराला मुहूर्त नवा नाहीच. अहोरात्राचे ३० भाग केले की ४८ मिनिटांचा एक मुहूर्त होतो. मुंबई शेअर बाजारात दिवाळीचे मुहूर्ताचे सौदे १९५७ पासून होत आले आहेत. पण मुहूर्त पाहणारा आपले कर्म काळाला अनुरूप करू पाहतो, आणि उत्तम वेळ सुचवणारे साधन ऐकणाऱ्याची नजर कुठे आहे ते पाहते. सुत्तातल्या वेळेला तिसरीच गोष्ट हवी आहे: ऐकणारा आत्ता कोणत्या अवस्थेत आहे याची जाण. १४ फेब्रुवारी २०१९ ला दुपारी पुलवामात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान मारले गेले. तो दिवस व्हॅलेंटाइन्स डे होता, आणि संध्याकाळची वेळ आकड्यांच्या हिशेबाने चांगलीच होती. ज्याने रांग थांबवली नाही त्याच्या पानावर त्या संध्याकाळी लाल फुगे आणि जोडप्यांसाठीची सवलत गेली असणार, आणि ती ज्यांनी पाहिली त्यांत एखाद्या जवानाच्या गावचे लोकही असणार.

हेतूचा प्रश्न राहतो. दुकानाची शुभेच्छा शेवटी विक्रीसाठीच असते, मग तिच्यात भाव कुठला, असे म्हटले जाते. इमान्युएल कांटने १७८५ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात दुकानदाराचेच उदाहरण घेतले आहे: जो अजाण गिऱ्हाइकालाही वाजवी भावच सांगतो, पण तसे केल्याने धंदा टिकतो म्हणून. त्याचे वागणे कर्तव्याला धरून आहे, कर्तव्यबुद्धीतून आलेले नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायातही योग्य देशी, योग्य काळी, योग्य पात्राला, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले दान सात्त्विक, आणि परतफेडीसाठी दिलेले राजस, असा भेद आहे. त्या मापाने सवलतीसह येणारी शुभेच्छा राजस ठरेल, आणि तसे म्हणण्यात काही चूक नाही. मात्र राजस दान हेही दानच असते. इंग्रज तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत हाच भेद वाणीबाबत केला. मनात नसताना केलेले अभिनंदन सदोष असते, पण अभिनंदन झालेले असते. वर्षभर उधारी सांभाळणाऱ्या, गिऱ्हाइकाच्या मुलीच्या लग्नाला जाऊन येणाऱ्या दुकानदाराची शुभेच्छा निव्वळ विक्रीची असते असे तर म्हणताच येत नाही.

आता कर्त्याचा प्रश्न, जो या सगळ्याच्या मुळाशी आहे. दुकानदार शुभेच्छा स्वतः लिहीत नाही. त्याच्या वतीने एजन्सीतली एखादी मुलगी लिहिते, जिने ते दुकान कधी पाहिलेले नाही. दुसऱ्याकरवी केलेले कर्म कोणाचे, हा मीमांसेचा जुना आणि अतिशय कसून तपासलेला प्रश्न आहे. यज्ञात मंत्र म्हणणारे, आहुती देणारे, सोम कुटणारे ऋत्विज वेगळे असतात आणि फळ यजमानाला मिळते. जैमिनीच्या सूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात यावर चर्चा आहे. शास्त्राने सांगितलेले फळ कर्त्याला मिळते. मग कर्ता होण्यासाठी यजमानाने सगळे स्वतःच करायला हवे काय? मीमांसकांचे उत्तर असे, की बाकीची कामे दक्षिणा देऊन नेमलेल्यांकडून करवून घेता येतात. या नेमणुकीला ते परिक्रय म्हणतात. द्रव्यावरचा आपला हक्क सोडण्याची क्रिया, म्हणजे त्याग, मात्र यजमानाचीच असते. आहुती अध्वर्यूच्या हातून पडते, 'हे आता माझे नाही' हे यजमानाने म्हणायचे असते.

एजन्सीचा मासिक रिटेनर हा परिक्रयच आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. शब्द दुसऱ्याने लिहिले तरी शुभेच्छा दुकानदाराची होऊ शकते, पण त्याच्या वाट्याची क्रिया त्याने केली असेल तर. अप्रूव्हलचा अंगठा ही ती क्रिया आहे. न वाचता दिलेला अंगठा म्हणजे ताम्हनात पाणी न सोडता झालेला संकल्प. दिवसाला ४० पीडीएफ पाहणाऱ्या माणसाला हे ऐकायला जड जाईल, तरी ज्या ५-६ दिवसांना गिऱ्हाइकाच्या घरी खरोखर सण असतो, तेवढ्यांच्या ओळी वाचायला दहा मिनिटे पुरतात. याचीच दुसरी बाजू अशी, की चूक झाल्यावर 'ती एजन्सीकडून गेली', 'ती आपोआप पडली' हे उत्तर उरत नाही. ज्याच्या नावाने कर्म झाले, फळ त्याचे. ग्राहकही हिशेब तसाच मांडतो.

सोमयागासारख्या मोठ्या यज्ञात आणखी एक ऋत्विज असतो, ब्रह्मा. वेदीच्या दक्षिणेला तो बसतो. होता ऋचा म्हणतो, अध्वर्यू हाताने कामे करतो, उद्गाता सामे गातो. ब्रह्मा बहुतेक वेळ मौन धरून पाहत असतो. कुठे मंत्र चुकला, क्रम ढळला, काही सांडले, तर प्रायश्चित्त करून कर्म सावरायचे, एवढे त्याचे काम. सगळी विद्या अंगी असलेला माणूस या जागेसाठी निवडायचा, असा दंडक आहे. सगळे ठरलेले, पाठ असलेले, हजार वेळा केलेले कर्म चालू असतानाही एकाने फक्त जागे राहायचे, हे परंपरेला आवश्यक वाटले. पोस्टच्या रांगेला नेमकी ही जागा नसते. कॅलेंडर करणारा असतो, लिहिणारा असतो, डिझाइन करणारा असतो, मंजुरी देणारा असतो, आणि शेड्यूल झाल्यावर सगळे उठून जातात. टेस्कोच्या त्या रात्री किंवा केएफसीच्या त्या दिवशी मजकूर लिहिणाऱ्यांची गरज नव्हती. रांगेकडे पाहणारा आणि ती थांबवण्याचा अधिकार असलेला एक माणूस पुरला असता. हा अधिकार पगाराच्या क्रमाने वर असलेल्या आणि रविवारी फोन न उचलणाऱ्या माणसाकडे असून चालत नाही. ज्याच्या हाती लॉगिन आहे त्याच्याकडेच तो असावा लागतो, आणि विचारायला वेळ नसताना थांबवले म्हणून त्याला नंतर बोलणी बसता कामा नयेत.

काय आधी ठरवावे आणि काय नाही, याचे तारतम्य यातून निघते. दुकानाची वेळ, नवा माल, पैठणी धुवायची कशी, चकलीची भाजणी किती भाजायची, हे सांगणारी पोस्ट महिनाभर आधी लावली तरी तिचा खरेपणा कमी होत नाही. ती कोणत्याही मंगळवारी तितकीच खरी असते. सणाची शुभेच्छा आधी लिहावी, मात्र ती पडण्याच्या सकाळी कोणी तरी जागे असावे. पुण्यतिथीचे अभिवादन आधी लिहिता येते, कारण ज्यांना ते करायचे ते गेलेले आहेत आणि स्मरण हे दरवर्षीचे व्रत आहे. श्रद्धांजली, क्षमायाचना आणि एखाद्या माणसाचे नाव घेऊन मानलेले आभार मात्र रांगेत लावायचे नसतात. ज्या घटनेला ते उत्तर देतात ती घडलेली नसताना ते शब्द कोणालाच उद्देशून नसतात. फोटोची जागा मोकळी ठेवलेले 'भावपूर्ण श्रद्धांजली'चे तयार क्रिएटिव्ह अनेक एजन्स्यांत असते. साचा म्हणून ते ठेवायलाही हरकत नाही. अमुकच्या जागी नाव येईल तेव्हा दोन ओळी त्या माणसाबद्दल नव्याने लिहाव्यात.

ईदची पोस्ट या बाबतीत सगळ्यांत चोख उदाहरण आहे, कारण तिथे यंत्राला पुढे जाताच येत नाही. रमजानच्या २९व्या दिवशी सूर्यास्तानंतर चंद्रकोर दिसली तर दुसऱ्या दिवशी ईद. नाही दिसली तर महिना ३० दिवसांचा पूर्ण होतो आणि ईद एक दिवस पुढे जाते. चंद्र दिसल्याच्या साक्षी गोळा करून चांद कमिट्या घोषणा करतात. त्यामुळे क्रिएटिव्ह तयार असते, कॅप्शन तपासलेली असते, वेळेचा रकाना रिकामा असतो आणि पोस्ट ड्राफ्टमध्ये पडून राहते. मगरिबच्या नमाजानंतर कोणीतरी फोन हातात घेऊन बातमीची वाट पाहत बसते. बातमी येते, तारीख भरली जाते, आणि मग तो माणूस स्वतः बटण दाबतो.